आईंची कावीळ आणि गुळवेलीची बाटली

तुम्ही दिलेल्या माहितीचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांना संदर्भ कळेल आणि माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला ती दुरुस्त करता येईल. आई ५८ वर्षांच्या आहेत, ऐरोलीला राहतात, त्यांना मधुमेह आणि थायरॉइडचा त्रास आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून त्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात. तीन महिन्यांपूर्वी गुडघेदुखी आणि झोप यांसाठी शेजारच्या बाईंच्या सांगण्यावरून अश्वगंधाच्या गोळ्या आणि काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल सुरू झाल्या. गेले दहा दिवस त्यांना जेवण जात नाही, लघवी काळ्या चहासारखी होते आणि डोळे पिवळे झाले आहेत. यकृताची एन्झाइमे एसजीपीटी ८१२ आणि एसजीओटी ६९०, बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) ६.४, पित्त अडल्यावर वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज १४८, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) १.३, हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई चारही निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडे नाहीत, लिव्हरवर थोडी चरबी, एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह. तुमच्या डॉक्टरांनी सगळे बंद करायला सांगितले आहे आणि बायोप्सीचा, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विषय काढला आहे. आईंचे म्हणणे असे की इतकी वर्षे काढ्याने काही झाले नाही, मग आताच कसे होईल. आणि तुमचे मामा मुरबाडकडच्या एका गावातून काविळीचे औषध आणायला निघाले आहेत. वनस्पतीने लिव्हर खरोखर बिघडते का, गावचे औषध द्यावे का आणि बरे व्हायला किती दिवस लागतील, असे तुम्ही विचारले आहे.

मी ठाण्यात गेली बावीस वर्षे पोटाच्या आणि यकृताच्या विकारांवर उपचार करतो. आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे हे निदान नव्हे. असा रुग्ण माझ्यासमोर आला असता तर मी कोणत्या क्रमाने आणि का विचार केला असता, एवढेच येथे सांगता येईल. तुमच्या प्रश्नांचा क्रम मात्र मी बदलणार आहे. दोष कोणाचा हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो आठवडाभर थांबू शकतो. यकृत सावरत आहे की खचत आहे, हा प्रश्न थांबू शकत नाही.

एसजीपीटीचा आकडा पाहून घरचे लोक घाबरतात आणि तो उतरला की निर्धास्त होतात, पण या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरू शकतात. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधले एन्झाइम आहे. पेशी दुखावली की ते रक्तात गळते. किती पेशी दुखावल्या याचा अंदाज त्यावरून येतो, परंतु उरलेले यकृत काम करते आहे की नाही हे कळत नाही. ते बिलिरुबिन आणि आयएनआर यांवरून कळते, कारण बिलिरुबिन बाहेर टाकणे आणि रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे ही यकृताची रोजची कामे आहेत. एसजीपीटी ८०० वरून २०० वर आले आणि त्याच वेळी बिलिरुबिन ६ वरून १४ वर व आयएनआर १.३ वरून २ वर गेले, तर तो सुधारणेचा नव्हे, गळायला पेशीच उरल्या नसल्याचा अहवाल असू शकतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यात दर दोन-तीन दिवसांनी तिन्ही चाचण्या एकत्र कराव्यात, शक्यतो एकाच लॅबमध्ये, आणि आकडे एका कागदावर तारखेनिशी एकाखाली एक लिहावेत.

आईंचे आजचे आकडे कोणत्या गटात मोडतात तेही स्पष्ट सांगतो. औषधाने झालेल्या इजेत एसजीपीटी सामान्य पातळीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त, बिलिरुबिन दुपटीहून जास्त, पित्तमार्गात अडथळा नाही आणि दुसरे कारणही सापडत नाही, अशी स्थिती असेल तर अशा सुमारे दहा रुग्णांपैकी एकाचा मृत्यू होतो किंवा त्याला यकृत प्रत्यारोपण लागते. अमेरिकी यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांच्या निरीक्षणावर आधारलेला हा नियम आम्ही आजही वापरतो. याचा अर्थ दहातले नऊ जण सावरतात. पण घरी थांबून वाट पाहावी अशी ही कावीळ नव्हे, हाही त्याचाच अर्थ आहे. आयएनआर १.५ च्या वर गेला, उलट्या थांबेनाशा झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा वागण्यात बदल दिसला, तर त्याच दिवशी, आणि शक्यतो यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

वागण्यातला बदल म्हणजे काय, हे लोकांना नेमके ठाऊक नसते. काही वर्षांपूर्वी कळव्याच्या एका बाईंच्या मुलीने मला सांगितले की आई दोन दिवस दुपारभर झोपते आणि रात्री दोनला उठून ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासते; त्या सकाळी तिने चहात साखरेऐवजी मीठ टाकले होते. घरच्यांनी तो काविळीचा अशक्तपणा मानला होता. मी त्या बाईंना दोन्ही हात समोर धरून, रस्त्यावरची गाडी थांबवल्यासारखे पंजे मागे वळवून ठेवायला सांगितले, तेव्हा पंजे क्षणाक्षणाला गळून पुन्हा उचलले जात होते. ही मेंदूवर परिणाम सुरू झाल्याची खूण आहे. तुम्ही आईंना रोज सकाळी हे करायला सांगा, सोबत त्यांची सही घ्या आणि आजचा वार विचारा. त्याला दोन मिनिटे लागतात, आणि एवढ्या थोडक्यात एवढी माहिती देणारी लॅबची कोणतीही चाचणी मला माहीत नाही.

आता कारणाकडे येतो. तुमच्या लांबलचक प्रश्नातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: सोसायटीच्या रंगकामात कुंपणावरची वेल काढून टाकली, म्हणून चार महिन्यांपासून तयार रसाची बाटली आणतो. म्हणजे आईंनी इतकी वर्षे जे घेतले ते आज त्या घेत नाहीत. वीतभर कांड ठेचून, पाण्यात उकळून, गाळून प्यायलेला पेलाभर काढा ही एक गोष्ट. दिवसातून दोनदा तीस-तीस मिलिलिटर घेतला जाणारा, कारखान्यात काढलेला रस ही दुसरी गोष्ट. त्यात किती गुळवेल आहे, कांड आहे की पानेही आहेत, वेल कोणी ओळखून तोडली, यांपैकी काहीही आपल्याला माहीत नसते. नाव तेच राहिले, म्हणून घरात कोणाच्या लक्षात आले नाही की वस्तू बदलली.

गुळवेलीबद्दल महाराष्ट्रातल्या वाचकांना जुना वाद आठवत असेल. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांना करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आली होती आणि ती सूज ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. त्यानंतर देशातील तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तपासण्यांचे निकष लावल्यावर त्यांतील सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत गुळवेलीचा संबंध 'संभाव्य' या वरच्या पायरीवर बसला. सर्वाधिक सापडलेली प्रतिपिंडे एएनए हीच होती, जी आईंच्या रक्तातही आढळली आहेत. जातीच्या गल्लतीचा मुद्दा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे. आपली गुळवेल कागदासारखी पातळ साल सुटणारी, हृदयाच्या आकाराच्या गुळगुळीत पानांची असते, कांड आडवे कापले तर आत चाकाच्या आऱ्या दिसतात. तिच्या त्या भावंडाच्या कांडावर मात्र चामखिळीसारख्या गाठी असतात. पण येऊरच्या पायथ्याशी वेल तोडून आणणाऱ्याला किंवा बाटली विकत घेणाऱ्याला हा फरक कसा कळावा? रुग्णाच्या दृष्टीने बाटलीत खरी गुळवेल होती की तिची चुलत बहीण, याने फारसे काही बदलत नाही.

वेल इतकी वर्षे सोसली, आताच का, याला आणखी एक उत्तर आहे. यकृताची वनस्पतीजन्य इजा बहुतेक वेळा सरळ विषबाधेसारखी नसते, की अमुक मात्रा ओलांडली आणि प्रत्येकाला त्रास झाला. ती व्यक्तीगणिक वेगळी, अगोदर सांगता न येणारी प्रतिक्रिया असते. काही लोकांच्या शरीरात ऑटोइम्यून विकाराची प्रवृत्ती वर्षानुवर्षे मुकाट असते आणि प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या पदार्थाने ती उघडी पडते. थायरॉइडचा विकार असलेल्या स्त्रियांत ही शक्यता मी अधिक लक्षपूर्वक तपासतो, कारण अनेकदा तो विकारही त्याच जातीचा असतो.

तरीही गुळवेलीवर एकटीवर आरोप ठेवणे घाईचे होईल, कारण बाकीच्या दोन वस्तूही निर्दोष नाहीत. अश्वगंधाबद्दल २०२० मध्ये आइसलंड आणि अमेरिका येथील पाच रुग्णांची, आणि २०२३ मध्ये भारतातून, केवळ अश्वगंधा असलेली उत्पादने घेतलेल्या आठ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यात सहसा पित्त साचल्यासारखी कावीळ होते, अंगाला प्रचंड खाज सुटते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज बरेच वाढते. आईंचे चित्र तसे नाही. एसजीपीटी कमाल मर्यादेच्या किती पट आहे याला अल्कलाइन फॉस्फेटेज किती पट आहे याने भागले की आम्हाला इजेचा प्रकार कळतो. पाचच्या वर उत्तर आले तर मार थेट पेशींवर आहे आणि दोनच्या आत आले तर पित्तप्रवाहावर. आईंचे उत्तर सोळाच्या आसपास येते. म्हणून अश्वगंधा माझ्या यादीत राहते, पण तळाशी. एक वेगळी गोष्ट येथेच सांगून ठेवतो: अश्वगंधाने थायरॉइडच्या हार्मोनची पातळीही बदलू शकते, तेव्हा आईंची टीएसएच चाचणी या निमित्ताने करून घ्यावी.

हळदीच्या कॅप्सूलबद्दल मात्र मला अधिक शंका आहे, आणि नेमका हाच भाग लोकांना सर्वाधिक खटकतो. हळद रोज आमटीत असते, मग तिने काय होणार? अमेरिकेत औषधजन्य यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने हळदीच्या पूरकांमुळे कावीळ झालेले दहा रुग्ण २०२२ मध्ये मांडले. बहुतेकांत मार थेट पेशींवर होता, आणि दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ ही विशिष्ट जनुकीय खूण सापडली. हीच खूण ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांतही आढळते. आता मात्रेचा हिशेब पाहा. घरच्या हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा मुख्य सक्रिय घटक, साधारण तीन टक्के असते. चौघांच्या भाजीत दीड ग्रॅम हळद पडली तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा मिलिग्रॅम करक्युमिन येते आणि त्यातलेही बहुतांश आतड्यातून शोषले न जाता निघून जाते. कॅप्सूलमध्ये पाचशे मिलिग्रॅम अर्क असतो आणि सोबत काळ्या मिरीतले पिपरिन मुद्दाम घातलेले असते, कारण पिपरिनमुळे करक्युमिनचे शोषण सुमारे वीस पटींनी वाढते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवले होते. जाहिरातीत हा गुण म्हणून छापला जातो. यकृताच्या बाजूने पाहिले तर आमटीतली हळद आणि ही कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोकमाचेही तसेच आहे: आपल्या सरबतातल्या कोकमाशी माझे काही भांडण नाही, पण त्याच्याच कुळातल्या मलबारी चिंचेचा, म्हणजे गार्सिनिया कंबोजियाचा, वजन उतरवण्यासाठी विकला जाणारा अर्क यकृताला घातक ठरल्याच्या नोंदी आहेत.

थोडक्यात, संशयित तीन आहेत. बाटलीतली गुळवेल आणि हळदीचा अर्क हे दोघे वरचढ, अश्वगंधा मागे. यांपैकी नेमका कोण हे बहुधा कधीच ठरणार नाही, आणि ते ठरवण्यासाठी एकेक पुन्हा सुरू करून पाहणे हा अत्यंत धोकादायक प्रयोग आहे, कारण दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया अनेकदा पहिल्यापेक्षा लवकर आणि जास्त तीव्र येते. शिवाय 'वनस्पतीमुळे' हे निदान बाकीची कारणे वगळूनच करता येते. आईंचे विषाणू निगेटिव्ह आहेत हे उत्तम. पण हिपॅटायटिस ईची चाचणी आजाराच्या अगदी सुरुवातीला केली असेल तर ती आठवड्याने पुन्हा करावी, पावसाळ्यात ताप असेल तर लेप्टो आणि डेंगी पाहावेत, आणि डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी, दुखण्यावरच्या गोळ्या, अँटिबायोटिक यांचीही यादी तितक्याच कठोरपणे तपासावी. दोष फक्त आयुर्वेदाचा शोधायचा, असा माझा आग्रह नाही. क्षयाच्या गोळ्यांनी आणि पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने खराब झालेली यकृते मी कितीतरी पाहतो.

नैसर्गिक वस्तूने इजा होत नाही, या समजुतीबद्दल वाद घालण्यापेक्षा मी एक उदाहरण देतो. पावसाळा सुरू झाला की ठाणे जिल्ह्यात टाकळ्याची भाजी घरोघरी होते, आणि ती मलाही आवडते. त्या टाकळ्याचा एक नातेवाईक रानटाकळा किंवा कासविंदा. पश्चिम उत्तर प्रदेशात दर हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुले एका गूढ आजाराने दगावत. मेंदूज्वर म्हणून त्याची नोंद होई. २००७ मध्ये तिथल्या व दक्षिणेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की ही मुले रानटाकळ्याच्या शेंगा खात होती आणि त्यातल्या विषाने त्यांचे यकृत, स्नायू आणि मेंदू निकामी होत होते. सरगुजा जिल्ह्यात १९७५-७६ मध्ये गोंदली या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या जातीचे बी मिसळले गेले आणि यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होऊन ६७ पैकी २८ रुग्ण मरण पावले. या घटनांत ना कारखाना होता, ना रसायन, ना भेसळ करणारा व्यापारी.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. बिब्बा, बचनाग, कुचला, धोत्रा यांना शोधनाशिवाय, म्हणजे शुद्ध करण्याच्या प्रक्रियेशिवाय, वापरू नये असे ते सांगतात आणि आपल्या औषध कायद्यातल्या विषारी द्रव्यांच्या यादीतही ही नावे आहेत; अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. नौपाड्यातले माझे एक वैद्य स्नेही म्हणतात, "गुळवेल मी रोज लिहून देतो, पण पंधरा दिवसांनी नाडी न दाखवता पुढची पुडी कोणाला मिळत नाही." ही शिस्त आणि व्हॉट्सॲपवरून सुरू होऊन वर्षानुवर्षे चाललेला काढा, या दोहोंना एकाच नावाने ओळखणे त्या शास्त्रावरही अन्याय आहे. तुमच्या घरातल्या डब्या-बाटल्या उजेडात उलटून पाहा. ज्यावर आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक आहे ते निदान औषध म्हणून नोंदलेले आहे. ज्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक आहे ते कायद्याने खाद्यपदार्थ आहे, मग पुढच्या बाजूला कितीही आजारांची चित्रे असोत. हळदीच्या कॅप्सूल बहुधा दुसऱ्या प्रकारातल्या निघतील.

आणखी एक विचारतो, कारण आईंचे गुडघे दुखतात. कोणी सांध्यांसाठी कागदात बांधलेल्या पुड्या किंवा बिनालेबलच्या काळ्या गोळ्या दिल्या होत्या का? दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा दुखण्याची गोळी दळून घातलेली असू शकते. रुग्णाचा चेहरा गोल होतो, भूक वाढते, साखर आवरत नाही. आणि अंगात हिपॅटायटिस बी दबा धरून असेल तर तो उसळतो. जड धातूंचा प्रश्न यापेक्षा निराळा. बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण शिशाचा त्रास प्रामुख्याने पोटदुखी, रक्तक्षय आणि नसांवर दिसतो, आईंसारख्या काविळीत तो माझ्या यादीत फार खाली आहे. बिनालेबलची भस्मे मात्र घरात असतील तर तीही पिशवीत घाला. पिशवी म्हणजे खरोखरच पिशवी: गेल्या सहा महिन्यांत आईंच्या पोटात गेलेली प्रत्येक बाटली, डबी, पुडी, रिकामी असली तरी, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येकीवर सुरू केल्याची व थांबवल्याची तारीख चिकटवा. माझ्याकडे 'डॉक्टर, बाकी काही घेत नाही' असे सांगणाऱ्यांना मी हल्ली वेगळे विचारतो: सकाळी उठल्यावर उपाशीपोटी काय घेता? मग कोरफडीचा रस निघतो, मॉर्निंग वॉकच्या वाटेवरचा कारल्याचा रस निघतो, मेथीचे पाणी निघते.

मामांच्या औषधाबद्दल माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण त्यांनाही समजेल असे सांगतो. आपल्याकडची बहुतेक कावीळ हिपॅटायटिस ए आणि ई यांची, दूषित पाण्याने होणारी, आणि ती बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जो कोणी मुळी देतो, माळ घालतो किंवा हात धुऊन पिवळे पाणी दाखवतो, त्याला यश मिळते. ते पाणी कोणाच्याही हाताखाली पिवळे होते, कारण हाताला चोळलेला सालीचा रस चुन्याच्या निवळीत पिवळा पडतो. आईंऐवजी मामांनी हात धुतले तरी तोच रंग येईल. नाकात देवडांगरीचे थेंब घातल्यावर वाहणारे पिवळे पाणी ही नाकाच्या आवरणाची जळजळ आहे, तिच्यातून कावीळ बाहेर पडत नाही. आईंना मुळात ती विषाणूजन्य कावीळ असल्याचे दिसत नाही. दुखावलेल्या यकृतावर आणखी एक अनोळखी मुळी टाकली आणि परवा आकडे वाढले, तर ते मूळ आजाराने की नव्या औषधाने हे कोणालाच सांगता येणार नाही. दुकानात मिळणाऱ्या लिव्हर टॉनिकलाही, ते वनस्पतीचे असो की नसो, माझा याच कारणासाठी नकार असतो. यकृताला या घडीला काही देण्यापेक्षा जे जात होते ते थांबवणे हाच उपचार आहे.

हा उपचार लागू पडतो आहे का, ते आकडे सांगतात. संशयित वस्तू थांबवल्यावर एसजीपीटी आठ दिवसांत निम्म्याहून खाली आले तर संशयाला भक्कम बळकटी मिळते, महिनाभरात आले तरी मिळते. बिलिरुबिन मागून उतरते. ते आणखी काही दिवस वाढतही राहते आणि घरचे तेव्हाच धीर सोडतात. पेशींवरच्या इजेत आकडे पूर्ववत व्हायला साधारण एक ते तीन महिने धरा. आकडे उतरत नसतील किंवा आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार) वाढलेले असेल तर बायोप्सीला नाही म्हणू नका. सुई बरगड्यांमधून जाते, भूल जागेपुरती असते आणि बहुतेक वेळा एक दिवस रुग्णालयात काढावा लागतो. त्या तुकड्यावरून ऑटोइम्यून सूज आहे का, आणि आत आधीपासून जुना व्रण आहे का, हे कळते. तशी सूज निघाली तर स्टेरॉइड द्यावे लागते, आणि आईंना मधुमेह असल्याने त्या काळात साखरेसाठी इन्सुलिन लागू शकेल, याची मनाची तयारी ठेवा. वनस्पतीने चेतवलेली सूज असेल तर स्टेरॉइड पुढे कमी करून थांबवता येते. थांबवल्यावर ती परत उलटली तर आजार मुळातच ऑटोइम्यून होता असे समजून उपचार लांबवावे लागतात. हे आज कोणीही सांगू शकत नाही, वर्षभराने कळते.

'सगळे बंद' याचा अर्थ थायरॉइडची गोळी बंद असा घेऊ नका; ती चालू राहते. मेटफॉर्मिन चालू ठेवायचे की तात्पुरते बदलायचे हे आयएनआर आणि किडनीचे आकडे पाहून डॉक्टरांनी ठरवायचे आहे, तुम्ही किंवा मी इथून नव्हे. ताप आला तर पॅरासिटामॉलची गोळी न विचारता देऊ नका, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ते असते हे विसरू नका. जेवणात हळद-तेल वर्ज्य करून फक्त उसाचा रस आणि मुरमुरे देण्याची आपल्याकडची पद्धत आईंच्या बाबतीत दुप्पट चुकीची आहे: मधुमेहात उसाचा रस साखर भडकवतो, आणि वरण, अंडे, पनीर काढून घेतले तर यकृताला दुरुस्तीसाठी प्रथिनेच मिळत नाहीत. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्या आणि रात्री झोपताना काहीतरी खाऊ घाला, कारण आजारी यकृताला लांबलचक उपास झेपत नाही. चातुर्मासातले उपास यंदा राहू द्यावेत.

आई बऱ्या झाल्यावर त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर, ॲलर्जी लिहितात तिथे, 'गुळवेल, अश्वगंधा, हळदीचा अर्क पुन्हा देऊ नये' असे डॉक्टरांकडून लिहून आणि सही करून घ्या. या घटनेची नोंद औषधांच्या दुष्परिणामांसाठी असलेल्या १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय विनामूल्य क्रमांकावर तुम्ही स्वतःही देऊ शकता. बाटलीचा बॅच क्रमांक हाताशी ठेवा, म्हणून ती धुऊन भंगारात टाकू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. सकाळचा तो रस आईंसोबत वडीलही घेत होते का? घेत असतील तर त्यांचा पेला आजच थांबवा आणि त्यांचीही एसजीपीटी, बिलिरुबिन तपासा. डोळे पिवळे दिसण्याची वाट पाहू नका. आठवड्यानंतरचे आईंचे आकडे आणि वडिलांचा अहवाल येथेच लिहा, मी वाचून उत्तर देईन.